खेळात गुण वाढले. हात सुधारला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आभासी वास्तव, म्हणजेच व्हीआर, आणि पुनर्वसन या विषयावर छापून येणाऱ्या बातम्यांसोबत बहुधा एकाच धाटणीचे छायाचित्र असते. डोळ्यांवर हेडसेट, हवेत उचललेला हात, शेजारी कौतुकाने पाहणारी थेरपिस्ट आणि खाली ओळ: 'खेळता खेळता उपचार'. छायाचित्र खोटे नसते. पण पक्षाघातानंतर घरी परतणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना जे कळायला हवे, ते त्यात कुठेच नसते. हेडसेट उतरवल्यावर तो हात काय करतो? या संशोधनात नव्याने उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हा प्रश्न उशिराच पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

व्हीआरकडे वळण्याचे खरे कारण आवर्तनांच्या संख्येत आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पक्षाघाताच्या रुग्णांच्या नेहमीच्या थेरपी सत्रांना बसून हालचाली मोजल्या गेल्या. हाताने एखादे उपयोगी काम करण्याचा सराव एका सत्रात सरासरी ३२ वेळा होत होता. मेंदूतल्या जोडण्या सरावाने बदलतात हे प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत दिसले, तिथे मात्र दिवसाला शेकडो आवर्तने करून घेतलेली होती. माणसाकडून तेवढी करून घ्यायची म्हटली की थेरपिस्टचा घसा आणि रुग्णाचा धीर दोन्ही संपतात. खेळ थकत नाही, मोजायला चुकत नाही, आणि पेला दोनशेव्यांदा उचलतानाही काहीतरी नवे समोर ठेवू शकतो.

तरीही पुरावे काय सांगतात ते कोरडेपणाने पाहावे. २०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत १४१ रुग्ण होते. एका गटाने निन्टेंडो वी या खेळयंत्रावर सराव केला, दुसऱ्याने पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ खेळले. दोन्हींना दोन आठवड्यांत तासातासाची १० सत्रे मिळाली. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि यंत्राचा गट पुढे गेला नाही. पुढच्याच वर्षी कॉक्रेन या, चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण एकत्र तपासले गेले. नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर दिल्यास हाताच्या कामात ठळक फरक दिसला नाही; नेहमीच्या थेरपीत भर म्हणून दिल्यास दिसला. म्हणजे वाढीव सरावाचा वेळ हाच त्यातला मोठा भाग असू शकतो. ही गोष्ट बातमीत आली तर हेडसेटची झळाळी थोडी उतरेल, पण थेरपीचे तास कापून तिथे यंत्र बसवण्याचा मोह तरी कमी होईल.

चांगला निकाल आलेले उदाहरणही हवे. २०१६ सालच्याच एका चाचणीत पडण्याचा इतिहास असलेल्या ६० ते ९० वयाच्या ३०२ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट नुसता ट्रेडमिलवर चालला. दुसरा ट्रेडमिलवरच चालला, पण समोरच्या पडद्यावर स्वतःची पावले पाहत, अडथळे ओलांडत आणि वाटा निवडत. आठवड्याला ३ सत्रे, प्रत्येक सुमारे ४५ मिनिटांचे, असे ६ आठवडे. पुढच्या सहा महिन्यांत पडद्यावाल्या गटातले पडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, नुसत्या ट्रेडमिलच्या गटात तशी ठळक घट दिसली नाही. इथे मोजले काय, तर खऱ्या जमिनीवर माणूस किती वेळा पडला. आणि या चाचणीत डोळ्यांवर हेडसेट नव्हता; पडदा पुरला.

आता पेल्याकडे जवळून पाहू. उजवी बाजू दुबळी झालेला रुग्ण खुर्चीत बसला आहे, समोर आभासी टेबल, त्यावर पेला. हात पुढे न्यायचा, पेल्याला स्पर्श झाला की एक गुण. रुग्ण काय करतो? कोपर उघडायला जड जाते, म्हणून तो कोपर तसेच वाकलेले ठेवतो, खांदा कानाकडे उचलतो आणि कमरेतून सगळे धड पुढे झुकवतो. हात पेल्यापर्यंत पोहोचतो, घंटी वाजते, गुण मिळतो. दोन आठवड्यांत गुण दुप्पट होतात आणि कोपर होते तिथेच राहते. खेळाने त्याला झुकण्यात तरबेज केलेले असते. यात रुग्णाची चूक नाही, नियमच तसा लिहिलेला होता.

यावर उपाय स्वस्त आहे. छातीच्या मधल्या हाडावर एक ट्रॅकर, म्हणजे जागा टिपणारे छोटे साधन, पट्ट्याने बांधावा. खुर्ची चाके नसलेली आणि पाठ असलेली घ्यावी, पावले जमिनीला टेकलेली असावीत. पेला आधी रुग्णाच्या हाताच्या लांबीच्या सुमारे ८० टक्के अंतरावर ठेवावा. निरोगी माणसाला हाताच्या टप्प्यातल्या वस्तूसाठी धड फारसे हलवावे लागत नाही. मग नियम असा लिहावा की छातीचा ट्रॅकर ठरलेल्या मर्यादेपेक्षा, समजा ५ सेंटीमीटरपेक्षा, पुढे सरकला तर आवर्तन मोजले जाणार नाही, आणि का मोजले नाही हे रुग्णाला त्याच क्षणी कळेल. पहिल्या दिवशी गुण निम्म्यावर येतात आणि रुग्ण वैतागतो. त्यासाठी मर्यादा सैल ठेवून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला आवळावी, पण प्रत्येक सत्रात ती किती होती याची नोंद हवीच. हाताची लांबीही दर सत्राला नव्याने मोजावी, कारण हेडसेटच्या जागेतला थोडासा बदल सगळी अंतरे हलवतो.

उंच लक्ष्यांचाही असाच घोळ होतो. खेळ बनवणाऱ्यांना डोक्यावरून उडणारे फुगे फार प्रिय. पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो, पाठीचे फावड्यासारखे हाड हाताबरोबर फिरत नाही, आणि हात खांद्याच्या पातळीच्या वर नेला की मऊ भाग चेमटून दुखणे मागे लागते. थेरपिस्टने तपासून परवानगी देईपर्यंत लक्ष्ये खांद्याच्या खालीच असावीत.

हेडसेटच्या कॅमेऱ्यांनी बोटे ओळखण्याची सोय निरोगी हातावर छान चालते. मनगट आत वळलेले आणि बोटे मुठीत आवळलेली असली की आभासी हात थरथरतो, उडी मारतो किंवा नाहीसाच होतो. रुग्णाला वाटते आपले काही चुकले. अशा वेळी कंट्रोलर (एरवी हातात धरायचे बटणांचे साधन) किंवा ट्रॅकर मनगटाच्या मागच्या बाजूला वेल्क्रोने बांधावा. जागा तरी पक्की कळते. पकड मोजायची असेल तर तळहातात दाब मोजणारा वेगळा सेन्सर हवा. पुष्कळ प्रणाल्या 'पेल्यावर हात एक सेकंद स्थिर ठेवला की पकडला' असे धरतात. सोय म्हणून ठीक, पण मग अहवालात 'पकड सुधारली' असे लिहिता येत नाही. कुणी पकडलेच नव्हते.

आणखी एक युक्ती म्हणजे हालचाल मोठी करून दाखवणे. हात १० सेंटीमीटर हलला तर पडद्यावर २० हलताना दिसतो. हुरूप येतो यात शंका नाही. पण हे प्रमाण हळूहळू १० ला १० वर आणले नाही, तर खऱ्या टेबलावर हात पेल्याच्या अलीकडेच थांबतो. तसेही हेडसेटमधून अंतरे खऱ्यापेक्षा कमी भासतात हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. म्हणून शक्य तिथे आभासी पेल्याच्या जागीच खरा पेला ठेवावा. त्यासाठी सत्राच्या सुरुवातीला कंट्रोलरने टेबलाचे तीन कोपरे टेकवून पातळी नोंदवायची, मग दोन्ही टेबले जुळतात. दोन सेंटीमीटरचा फरक राहिला तरी हात पेल्याला धडकून तो उलटतो.

डावीकडचे जगच लक्षात न येणे ही उजव्या मेंदूच्या पक्षाघातानंतरची नेहमीची अडचण. ती मोजायला व्हीआर उत्तम, पण इथे एक खाच आहे. हेडसेटची 'समोर'ची दिशा सुरुवातीला ठरवावी लागते. त्या क्षणी रुग्णाची मान त्याच्या सवयीने उजवीकडे वळलेली असेल, तर सगळे आभासी जग उजवीकडे सरकते. मग 'डावी' लक्ष्ये प्रत्यक्षात समोर येतात, रुग्णाला ती सापडतात आणि अहवालात सुधारणा दिसते. समोरची दिशा खुर्चीवरून ठरवावी, डोक्यावरून नाही. आणि डोके किती वळले व डोळे किती वळले हे वेगवेगळे नोंदवावे.

मळमळीविषयी. डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत असावा असे धरतात. सेकंदाला ९० चित्रे दाखवायची तर प्रत्येकासाठी ११ मिलिसेकंद मिळतात. झाडे, पाणी, सावल्यांनी भरलेले देखणे दृश्य संगणकाला तेवढ्या वेळात झेपले नाही की चित्र अडखळते आणि पोट ढवळते. देखावा साधा ठेवावा. भिंगांमधले अंतर बुबुळांमधल्या अंतराशी जुळवावे. प्रौढांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असते, पण काही हेडसेटमध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे मिळतात, त्यामुळे टोकाच्या माणसांना धूसर दिसते आणि डोळे दुखतात. चष्मा असेल तर त्यासाठी जागा करणारी मधली कडी लावावी. पहिले सत्र ५ ते १० मिनिटांचे. त्रास मोजायला १९९३ सालची १६ लक्षणांची प्रश्नावली आजही वापरली जाते, प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण. ती सत्राआधीही भरून घ्यायला हवी, कारण पक्षाघाताच्या किंवा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागात बिघाड असलेल्या रुग्णाला चक्कर आधीपासूनच असते. नुसती नंतर भरली तर सगळा दोष हेडसेटच्या माथी जातो.

काही जणांना हेडसेट लावूच नये किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये: आकडी येणारे, कवटीचे हाड शस्त्रक्रियेत काढलेले (पट्ट्याचा दाब नेमका तिथेच पडतो), चेहऱ्यावर उघडी जखम असलेले. उभे राहून सराव करायचा तर छताला अडकवलेला सुरक्षा-पट्टा हवा आणि दुबळ्या बाजूला एक माणूस. अर्धा किलोचा हेडसेट पुढच्या बाजूला जड असतो. मान दुबळी असेल तर मागे वजन लावून तोल साधावा. चेहऱ्याला लागणारा स्पंज घाम शोषतो, म्हणून सिलिकॉनचे आवरण बसवून ते दर रुग्णानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. भिंगांना मात्र अल्कोहोल लावू नये, थर निघतो. कोरडे मायक्रोफायबर पुरते. आणि हेडसेट खिडकीच्या उन्हात ठेवला तर भिंगे ऊन एकवटून आतला पडदा जाळतात.

सहायक साधनांच्या संशोधनात, विशेषतः विजेच्या व्हीलचेअरच्या बाबतीत, व्हीआरचा पक्ष अधिक बळकट आहे असे आमचे मत आहे. उतारावर, जिन्याच्या कडेला, गर्दीत चूक करून शिकण्याची मुभा खऱ्या खुर्चीत नसते. पण नक्कल प्रामाणिक हवी. ८० सेंटीमीटरच्या दारातून ६५ सेंटीमीटर रुंद खुर्ची न्यायची तर दोन्ही बाजूंना साडेसात सेंटीमीटर उरतात. मागची चाके ओढणारी खुर्ची मागच्या आसाभोवती वळते, त्यामुळे पाय ठेवायची पट्टी मोठा फेरा घेते आणि चौकटीवर आदळते. मधली चाके ओढणारी जागच्या जागी वळते, पण तिची पाठ बाहेर झुलते. शिवाय दिशा उलटवली की पुढची छोटी चाके अर्धा फेरा फिरतात आणि खुर्चीला बाजूला धक्का देतात. खेळ बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमधली (गेम इंजिनातली) साधी गाडी वापरली तर यातले काहीच उमटत नाही, आणि शिकणारा खऱ्या दारात पहिल्याच वळणाला आपटतो.

जॉयस्टिक रुग्णाची स्वतःची, त्याच्याच हाताच्या जागी बसवलेली असावी. हात कापत असेल तर खऱ्या खुर्चीत थरथर गाळण्याची जी मांडणी केली आहे, वेग वाढण्या-थांबण्याचा जो वेळ ठेवला आहे, तोच आभासी खुर्चीत भरावा. गरगरणे सर्वांत जास्त होते ते वळताना, कारण डोळ्यांना फिरणे दिसते आणि कानाला ते जाणवत नाही; म्हणून आधी सरळ रस्ते, मग सावकाश वळणे. एक गोष्ट हटकून राहून जाते. माणसाला आडवे सुमारे २०० अंशांपर्यंत दिसते, हेडसेटमध्ये साधारण ९० ते ११० अंश. वर-खालीही असेच तोकडे. पायाची पट्टी पाहायला मान बरीच वाकवावी लागते, आणि मानेच्या मणक्याला इजा झालेल्याला नेमके तेच जमत नाही. अशा वापरकर्त्यांसाठी तीन बाजूंचे पडदे हेडसेटपेक्षा बरे.

विजेच्या कृत्रिम हाताचा सराव हात बसण्याआधीच सुरू करता येतो: उरलेल्या बाहूच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून आभासी पंजा उघडायचा-मिटायचा. इथला धोका असा की आभासी हाताला वजन नसते. कोपर काटकोनात ठेवून शिकवलेले स्नायू-संकेत हात वर किंवा खाली नेला की बदलतात, घामाने आणि कृत्रिम हात बाहूवर बसवणाऱ्या साच्याच्या ओझ्याने इलेक्ट्रोड सरकतात, आणि आदल्या दिवशी बिनचूक चालणारा पंजा भलत्याच वेळी उघडतो. संकेत चार-पाच वेगवेगळ्या स्थितींत नोंदवावेत आणि बाहूला प्रत्यक्ष बसणाऱ्या कृत्रिम हाताइतके वजन बांधूनच सराव द्यावा.

नोंदींच्या बाबतीत दोनच गोष्टी. हेडसेटच्या नोंदीच्या सेकंदाला ९० ओळी धरल्या तर २० मिनिटांत १,०८,००० ओळी साठतात. या ओळी स्नायूंच्या संकेतांच्या वेगळ्या नोंदीशी जुळवायच्या असतात, पण दोन्ही यंत्रांचे घड्याळ एक नसते. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी कंट्रोलर टेबलावर टकटक आपटून दोन्हीकडे खूण उमटवावी. दुसरी गोष्ट आपोआप होणाऱ्या अपडेटची. चाचणी अर्ध्यावर असताना हेडसेट रात्रीतून नवे सॉफ्टवेअर घेतो, हात ओळखण्याची पद्धत बदलते आणि आधीचे रुग्ण व नंतरचे रुग्ण वेगळ्याच फूटपट्टीने मोजले जातात. अपडेट बंद करावे, आवृत्तीचा क्रमांक दर सत्राला लिहावा. साधनच बाजारातून जाण्याचीही तयारी हवी: २०१० साली आलेल्या, शरीराची हालचाल टिपणाऱ्या किनेक्ट कॅमेऱ्यावर पुनर्वसनाचे कितीतरी प्रकल्प उभे राहिले आणि २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

एक अपवाद नोंदवायलाच हवा. भाजलेल्या रुग्णांच्या जखमेची पट्टी बदलताना हेडसेटमध्ये आभासी जग, पुढे बर्फाळ जग, दाखवण्याचे काम १९९० च्या दशकापासून वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी केले. तिथे त्या वीस-तीस मिनिटांत वेदना कमी जाणवणे हाच हेतू आहे. हेडसेट उतरल्यावर काय, हा प्रश्न तिथे गौण ठरतो. हाताच्या आणि चालण्याच्या पुनर्वसनात तो गौण ठरत नाही.

तिथे मोजमाप हेडसेटशिवायच व्हायला हवे, आणि तेही रुग्ण कोणत्या गटात होता हे माहीत नसलेल्या व्यक्तीकडून. हातासाठी फ्यूगल-मायर ही ६६ गुणांची तपासणी सर्रास वापरतात; साधारण ५ गुणांची वाढ अर्थपूर्ण धरतात. तुलनेच्या गटाला तेवढाच वेळ, तेवढीच आवर्तने आणि तेवढेच लक्ष मिळायला हवे. पहिल्या दोन-तीन सत्रांतली गुणवाढ बाजूला ठेवावी, कारण तोवर माणूस खेळ शिकत असतो. घरी काय घडते ते पाहायला दोन्ही मनगटांवर हालचाल मोजणारे पट्टे बांधावेत. निरोगी माणसात कमी वापरल्या जाणाऱ्या हाताच्या वापराचे दुसऱ्याशी प्रमाण ०.९५ च्या आसपास असते. खेळात गुण दुप्पट झालेल्या रुग्णाचे हे प्रमाण महिन्यापूर्वी ०.४० होते आणि आजही ०.४० असेल, तर त्याच्या जेवणात, आंघोळीत, दार उघडण्यात तो हात आलेला नाही. पुढच्या बातमीत हेडसेटच्या छायाचित्राखाली हे दोन आकडे, आधीचा आणि नंतरचा, छापता आले तर पाहावे, ही विनंती.

आपले,
पुनर्वसन आणि सहायक साधनांच्या संशोधनात काम करणारे काही वाचक